शाळेत काउन्सेलर व्हायचंय? मग एम.ए.च्या पैशाचं गणित आधी मांडा

सायकॉलॉजीत एम.ए. करून शाळेत काउन्सेलर व्हायचंय म्हणणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात, "फी किती?" आणि हिशोब तिथेच चुकायला लागतो. विद्यापीठाच्या विभागात किंवा अनुदानित कॉलेजात फी तशी झेपण्यासारखी असते, माणूस घाईला येतो तो खोलीभाडं, मेस, लोकल-बसचा पास आणि दुसऱ्या वर्षातल्या बिनपगारी इंटर्नशिपने. समजा फी वर्षाला २५,००० आहे आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहून जेवून महिन्याला ९,००० लागतात, तर दहा महिन्यांचे झाले ९०,०००. म्हणजे फी पूर्ण माफ झाली तरी मोठा खड्डा तसाच. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की फी माफीच्या मागे लागा जरूर, पण त्याच्या दुप्पट जोर राहण्या-खाण्याचे पैसे देणाऱ्या योजनांवर लावा.

आता हे आत्ताच का लिहितोय तर दोन गोष्टी घडल्यात. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रकरणात गाइडलाइन्स दिल्या, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक तरी क्वालिफाइड काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं आहे. अंमलबजावणी किती होईल ते बघू, पण मागणी वाढणार हे नक्की. दुसरी गोष्ट जरा वाईट. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन मोडमध्ये शिकवायला बंदी घातली. नोकरी करत करत घरबसल्या स्वस्तात एम.ए. उरकायचा जो रस्ता होता तो गेला. आधीच ॲडमिशन घेतलेल्यांचं ठीक आहे, नव्यांना रेग्युलरच करावं लागणार, म्हणजे गाव सोडणं आलं, नोकरी सोडणं आलं आणि खर्चही आला. कुणी अजूनही "ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, शंभर टक्के मान्य" म्हणून फोन करत असेल तर त्याला यूजीसीचं पत्र दाखव म्हणावं.

कोर्स निवडताना एक लक्षात ठेवा, कोर्टाच्या यादीत सोशल वर्करपण आहे, फक्त त्याचं लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यातलं ट्रेनिंग झालेलं हवं. त्यामुळे एमएसडब्ल्यूचा (मास्टर ऑफ सोशल वर्क) विचार उगाच बाजूला टाकू नका. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, देवनारची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), इथे फील्डवर्क अभ्यासक्रमातच असतं, शाळेत प्लेसमेंट मागून घेता येते. टिसला अप्लाइड सायकॉलॉजीचं एम.ए.पण आहे, प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. आणि ज्यांना पुढे हॉस्पिटलच्या लाइनला जाऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय त्यांचा रस्ता वेगळा, तिथे आरसीआयची (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेला कोर्स लागतो, ते पैसे वेगळे धरा. शाळेसाठी तेवढं लागत नाही.

हो, आणि ते तीन महिन्यांचे "सर्टिफाइड स्कूल काउन्सेलर" वाले कोर्स. तीस-चाळीस हजार घेतात, चकचकीत सर्टिफिकेट देतात. मूळ डिग्री नसेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही, डिग्री असेल तर त्याची गरज नाही. तेवढ्यात चार महिन्यांचं राहणं-जेवण निघतं राव.

चला, पैशाकडे. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, सगळ्यांना माहितीय पण त्यावर आपल्याला कुठली योजना लागू होते हेच अर्ध्या लोकांना कळत नाही. एससी असाल आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार पोस्ट मॅट्रिक, त्यात फीसुद्धा येते आणि निर्वाह भत्ताही. उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त ट्यूशन आणि परीक्षा फी. एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी, एसबीसी यांच्या आपापल्या खात्याच्या वेगळ्या योजना त्याच पोर्टलवर आहेत. ओपनमधले असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात ती. मुलींनो, तुमचा एक गैरसमज इथेच दूर करतो, २०२४-२५ पासून मुलींना शंभर टक्के फी माफ झाली ती व्यावसायिक कोर्सेसना. सायकॉलॉजीचं साधं एम.ए. त्यात सहसा बसत नाही, त्यामुळे "मुलींना फ्री आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका, ॲडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर स्पष्ट विचारा.

राहण्या-खाण्यासाठी खरी कामाची योजना म्हणजे स्वाधार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी, ज्यांना सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही त्यांना. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरात वर्षाला ६०,०००, त्यातले ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे आणि ८,००० निर्वाहाचे. इतर महापालिकांच्या शहरात ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. अट अशी की कॉलेज ज्या शहरात आहे तिथलेच तुम्ही रहिवासी नसावेत, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं, हजेरी नीट हवी. एसटीसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, पण या आधार योजनेत जिल्ह्याला जागा ठरलेल्या असतात, मेरिटवर यादी लागते. यातली गोम कळली का? स्वाधार मिळवायला आधी सरकारी हॉस्टेलचा अर्ज भरावा लागतो. पोरं काय करतात, हॉस्टेलला नंबर लागणारच नाही म्हणून अर्जच करत नाहीत आणि मग तिथूनच बाद होतात. नंबर लागला तर उत्तमच, नाही लागला तर स्वाधार. अर्ज मात्र भराच.

पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचं नाव पण ऐकलं असेल, ती योजना मुख्यतः व्यावसायिक कोर्सची आहे, एम.ए.वाल्यांनी त्यावर आशा ठेवू नये.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, जात प्रमाणपत्र, लागू असेल त्यांना नॉन क्रीमी लेअर, डोमिसाइल, मागच्या सगळ्या मार्कशीट, मध्ये गॅप असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. हे सगळं मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर बारावीची पोरं रांगा लावतात तेव्हा तुमचा नंबर दुपारी तीनला येतो आणि सर्व्हर चारला बसतो.

सगळ्यात जास्त लोक कुठे अडकतात ते सांगतो कारण हे कुणी सांगतच नाही. डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, ते आधारला मॅप असलेल्या खात्यात येतात. लातूरकडची एक मुलगी, पुण्यात एम.ए.ला, अर्ज मंजूर, स्टेटस एकदम हिरवं आणि खात्यात एक रुपया नाही. सहा महिने ती पुण्यातल्या खात्याचं पासबुक भरून आणत होती. शेवटी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर मॅपिंग निघालं गावाकडच्या जुन्या झिरो बॅलन्स खात्याला, जे आईने कधीतरी गॅससाठी काढून दिलं होतं. ते खातं वापरात नाही म्हणून बंद पडलेलं, त्यामुळे पैसे गेले आणि परत फिरले. खातं आधारला लिंक असणं आणि डीबीटीसाठी मॅप असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लिंक कितीही खात्यांना होतं पण मॅप एकाच खात्याला असतं, म्हणजे सगळ्यात शेवटी ज्या बँकेत डीबीटीची संमती दिली त्याला. फॉर्म भरायच्या आधी सीडिंग स्टेटस बघा, बँकेचं नाव बरोबर आहे का, ॲक्टिव्ह लिहिलंय का, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. चुकीची बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटी मॅपिंगचा फॉर्म द्या, फक्त "आधार लिंक करा" एवढंच म्हणाल तर काउंटरवरचा माणूस तेवढंच करून देईल.

अर्ज सेंड बॅक झाला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आला, की घाबरायचं नाही, कारण वाचायचं. बहुतेक वेळा वडिलांचं नाव दाखल्यावर वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं असतं, नाहीतर स्कॅन पुसट असतो. पण परत पाठवायला मुदत असते, आणि मेसेज जुन्या नंबरवर जातो, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायची सवय लावा. कॉलेजच्या क्लार्कशी भांडू नका हो, अर्ज पुढे पाठवणारा तोच आहे.

जातीची अट नसलेली आणि चांगल्या रकमेची एक स्कॉलरशिप आहे ती फार कमी आर्ट्सवाल्यांना माहीत असते. यूजीसीची नॅशनल स्कॉलरशिप फॉर पोस्ट ग्रॅज्युएट स्टडीज. महिन्याला १५,०००, वर्षात दहा महिने, दोन वर्षं. म्हणजे एकूण तीन लाख! देशभरात १०,००० जणांना, बी.ए.-बी.एस्सी.च्या मार्कांवर मेरिट लागतं, ३० टक्के मुलींसाठी. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, रेग्युलर कोर्स असेल तर, वय ३० च्या आत असेल तर अर्ज करता येतो. तो महाडीबीटीवर नाही तर केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, तिथे आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करावं लागतं. दुसऱ्या वर्षात गेल्यावर कळून उपयोग नाही, तेव्हा नवा अर्ज चालत नाही. ग्रॅज्युएशनला मार्क चांगले असतील तर सगळ्यात आधी हाच फॉर्म भरा, आणि ही लागली तर बाकीच्या कशा जुळतात ते तपासा, कारण एकाच वेळी दोन सरकारी स्कॉलरशिप सहसा चालत नाहीत. जेआरएफचं (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) विचारतात बरेच जण, ती पीएचडीसाठी असते, एम.ए.ला नाही.

पुणे विद्यापीठात किंवा त्याच्या कॉलेजात असाल तर कमवा आणि शिका योजना आहे, तासावर पैसे मिळतात, लायब्ररी, ऑफिस, बागकाम असं काम. त्यात वर्ष निघणार नाही पण मेसचं बरंच भागतं. गावाकडून पुण्यात येणाऱ्यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीच्या हॉस्टेलला अर्ज करावा, गरजू ग्रामीण मुलामुलींसाठी कमी खर्चात राहण्या-जेवणाची सोय असते, मुलाखत होते.

जे आधीच शिक्षक आहेत त्यांचं गणित वेगळं. त्यांनी नोकरी सोडून एम.ए. करण्याआधी एनसीईआरटीचा गायडन्स अँड काउन्सेलिंगचा डिप्लोमा बघावा. एक वर्षाचा असतो, पहिला टप्पा घरून अभ्यास, मधला तीन महिने प्रत्यक्ष सेंटरवर राहून आणि शेवटचा स्वतःच्या भागात इंटर्नशिप. महाराष्ट्र-गोव्यासाठीची प्रादेशिक संस्था भोपाळला आहे, त्या वर्षी कुठली सेंटर चालू आहेत ते जाहिरातीत बघा. मधले तीन महिने पगारी रजा मिळणं हीच खरी फंडिंग आहे! त्यासाठी मुख्याध्यापकांकडे तोंडी बोलून भागत नाही, संस्थेकडे लेखी अर्ज द्या, सोबत कोर्टाच्या गाइडलाइन्सची प्रत जोडा आणि सरळ लिहा की बाहेरून काउन्सेलर नेमण्याऐवजी मला पाठवलंत तर शाळेचं काम होईल. संस्थेने बाँड मागितला तर दोन वर्षांपर्यंत ठीक, पण मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवू म्हणाले तर नाही म्हणा.

कर्ज शेवटी. चार लाखांपर्यंत बँका मार्जिन, म्हणजे तुमच्या खिशातला हिस्सा, मागत नाहीत आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार लागतात. हप्ता कोर्स संपून एक वर्षाने सुरू होतो पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, जमलं तर शिकत असतानाच व्याज भरत जा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना आली, त्यात ठराविक चांगल्या रँकच्या संस्थांमध्ये जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. तुमची संस्था यादीत आहे का ते पोर्टलवर बघा. ट्रस्टमध्ये नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन पोस्ट ग्रॅज्युएशनला बिनव्याजी कर्ज-स्कॉलरशिप देतं, निवड कडक आहे पण फॉर्म भरायला काय जातं.

माझं मत विचाराल तर खाजगी विद्यापीठाची लाखांतली फी कर्ज काढून भरू नका. शाळेतल्या काउन्सेलरचा सुरुवातीचा पगार शिक्षकाइतकाच, काही ठिकाणी कमीच, आणि हप्ता मात्र इंजिनिअरचा. ते गणित बसत नाही.

आणि कुठल्याही एकाच योजनेवर दोन्ही वर्षं टांगू नका. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने शाळांमधल्या मानसिक आरोग्यासाठी एक अब्ज डॉलर काढले, त्यातून काउन्सेलर-सायकॉलॉजिस्ट तयार करणाऱ्या विद्यापीठांना पैसे मिळत होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने चालू ग्रँट पुढे देणार नाही म्हणून कळवलं, प्रकरण कोर्टात गेलं. मधल्या मध्ये शिकणारे लटकले. आपल्याकडे बंद होत नाही, उशीर होतो. पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षात येतात हे धरूनच चाला आणि निदान चार-पाच महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून गाव सोडा.

इंटर्नशिपबद्दल बोलायला लाजू नका. स्टायपेंड नाही म्हणाले तर प्रवासखर्च मागा, तोही नाही म्हणाले तर दुपारचं जेवण आणि आठवड्यातून तीनच दिवस मागा, म्हणजे उरलेल्या दिवसात ट्यूशन घेता येतील. हे सगळं जॉइन व्हायच्या आधी, ईमेलवर. दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिपच्या रिन्युअलचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, आपोआप होत नाही, आणि त्याला पहिल्या वर्षाची मार्कशीट लागते, रिझल्ट लांबला असेल तर विभागाकडून तसं पत्र घेऊन ठेवा.