एका अकाउंटवर चार पोरं? माइनक्राफ्टच्या लायसन्समधल्या या चुका टाळा

मे महिन्यात इंदूरच्या दुपारी मुलं घराबाहेर पडत नाहीत. त्यात पुण्याहून आत्याची मुलं राहायला आलेली. दोन लॅपटॉप, दोन फोन आणि चार खेळाडू. माइनक्राफ्ट मात्र एकदाच विकत घेतलेलं. मग 'दादाच्या लॉगिननेच सगळे खेळा' असा निकाल लागतो आणि तासाभरात रडारड सुरू होते: मी आत गेलो की तो बाहेर फेकला जातो.

यात बिघाड काही नाही. जावा एडिशनचं, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या माइनक्राफ्टचं, लायसन्स कंप्युटरचं नसतं, घराचंही नसतं. ते एका मायक्रोसॉफ्ट अकाउंटला चिकटलेलं असतं, आणि एक अकाउंट म्हणजे खेळातला एकच माणूस. सर्व्हरवर (जिथे अनेक जण एकाच जगात मिळून खेळतात) त्याच अकाउंटने दुसरा आला की पहिल्याला 'यू लॉग्ड इन फ्रॉम अनदर लोकेशन' म्हणून बाहेर काढलं जातं. घरातल्या लॅन गेममध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कवरच्या कंप्युटरांनी मिळून खेळताना, उलटं घडतं: ज्याने जग उघडलंय तो आत राहतो आणि दुसऱ्याला 'दॅट नेम इज ऑलरेडी टेकन' असं उत्तर मिळतं. राउटर बंद-चालू करून किंवा गेम पुन्हा टाकून यात तसूभरही फरक पडणार नाही. दोघांनी एकाच वेळी, दोन कंप्युटरवर जावा खेळायचं तर दोन लायसन्स लागतात.

कोड घेतला बाबांनी, चिकटला बाबांनाच

सगळ्यात महाग चूक ही. धाकटीच्या वाढदिवसाला दुसरं लायसन्स घ्यायचं ठरतं. बाबा आपल्या ब्राउझरमध्ये लायसन्सचा कोड टाकतात. त्या ब्राउझरमध्ये बाबांचंच मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडं असतं, त्यामुळे खेळ बाबांच्या नावावर जातो. धाकटी लाँचर (खेळ सुरू करायचा प्रोग्राम) उघडते तर तिला फक्त डेमो दिसतो. एकदा वापरलेलं लायसन्स दुसऱ्या अकाउंटवर हलवता येत नाही.

म्हणून क्रम पाळा. आधी मुलीचं अकाउंट तयार करा. मग ब्राउझरची खासगी विंडो उघडा, तिथे फक्त तिच्या ईमेलने लॉगिन करा, वर कोपऱ्यात तिचंच नाव दिसतंय हे पाहा आणि त्यानंतरच कोड टाका. विंडोजच्या स्टोअरमधून थेट घेत असाल तर स्टोअर कोणाच्या अकाउंटवर चालू आहे हे आधी बघा. स्टोअरमध्ये बाबा आणि लाँचरमध्ये मुलगी, ही जोडी नेहमी घोटाळा करते.

पीसी गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीतही हा खेळ मिळतो, पण ज्या अकाउंटवर वर्गणी आहे त्यालाच. वर्गणी थांबली की खेळणं थांबतं. डिस्कवरची जगं मात्र जागच्या जागी राहतात, त्यामुळे घाबरून काही डिलीट करू नका. आणि 'आमच्या मोठ्याकडे २०१३ सालचं लायसन्स पडलंय' असं म्हणणाऱ्यांसाठी: मोजांगची (माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीची) जुनी अकाउंटं मायक्रोसॉफ्टवर नेण्याची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली. तेव्हा नेलं नसेल तर नवीन घ्यावं लागेल. इंटरनेटवर पन्नास-शंभर रुपयांत 'फुल अकाउंट' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मूळ मालकाने पासवर्ड परत मिळवला की तुमच्या हाती काही उरत नाही.

मल्टिप्लेअरचं बटण राखाडी दिसतंय

खरी जन्मतारीख टाकून मुलाचं अकाउंट केलं, लायसन्स बरोबर बसलं, तरी मल्टिप्लेअर दाबलं जात नाही. वर माउस नेला की 'मल्टिप्लेअर इज डिसेबल्ड' असं दिसतं. हे बटण बंद असलं की शेजारच्या खोलीतली लॅन गेमही बंद, कारण तिथे जायचा रस्ता त्याच बटणातून आहे.

उपाय मुलाच्या लॅपटॉपवर नाही, पालकाच्या अकाउंटमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली ग्रुपमध्ये, ग्रुप चालवणाऱ्याला धरून, सहा जण बसतात. मुलाला त्यात घ्या. मग पालकाच्या लॉगिनने एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी आणि ऑनलाइन सेफ्टीच्या पानावर जा, वर मुलाचं नाव निवडा, आणि मल्टिप्लेअर गेममध्ये सामील होण्याची ओळ 'अलाउ' करा. गप्पा आणि आमंत्रणांची ओळ वेगळी आहे. ती 'फक्त मित्र' यावर ठेवली तरी खेळ अडत नाही, आणि आमच्या मते तशीच ठेवावी. सगळं सेव्ह झाल्यावर मुलाला लाँचरमधून साइन-आउट करून पुन्हा साइन-इन करायला लावा. ही शेवटची पायरी राहून जाते आणि मग 'सेटिंग चालतच नाही' अशी तक्रार येते.

ही कटकट नको म्हणून मुलाचं वय तीस दाखवणं हा शॉर्टकट सगळ्यांना सुचतो. अकाउंट हॅक झालं किंवा पासवर्ड विसरला की ओळख पटवताना तीच खोटी जन्मतारीख विचारली जाते, आणि ती कोणालाच आठवत नाही.

एकच लॅपटॉप, दोन अकाउंटं: दादाचं सामान ताईकडे कसं गेलं?

लाँचरमध्ये दोन अकाउंटं ठेवून आलटून पालटून वापरता येतात. पण विंडोजचा युजर एकच असेल तर दोघांची जगं एकाच 'सेव्ह्ज' फोल्डरात पडतात. आता ताईने आपल्या अकाउंटने दादाचं जग उघडलं तर काय होतं? नाव तिचं, पण ती उभी असते दादा जिथे थांबला होता तिथे, दादाची हिऱ्याची कुदळ हातात घेऊन. कारण एकट्याच्या जगात 'खेळाडू कुठे आहे, त्याच्याजवळ काय आहे' ही नोंद त्या जगाच्याच फोल्डरात असते, आणि जग उघडणाऱ्याला तीच नोंद मिळते, मग तो कोणीही असो. ताईने ती कुदळ लाव्हात टाकली आणि जग बंद केलं की नोंद तशीच लिहिली जाते.

सरळ उपाय म्हणजे विंडोजमध्येच दोन युजर करा. ते जमत नसेल तर लाँचरच्या 'इन्स्टॉलेशन्स'मध्ये प्रत्येकाच्या नावाची नोंद करून तिला वेगळी गेम डिरेक्टरी द्या. दोघांची जगं वेगळी राहतात, मॉड (खेळात भर घालणाऱ्या फाइली) आणि टेक्स्चर पॅकही (खेळाचं रूप बदलणाऱ्या फाइली) एकमेकांत मिसळत नाहीत.

सर्व्हरचा मोड बदलला आणि अंगावरचं सगळं सामान गेलं

दोन लायसन्सचे पैसे वाचवायला मुलं व्हिडिओ बघून घरच्या सर्व्हरची 'सर्व्हर प्रॉपर्टीज' फाइल उघडतात आणि 'ऑनलाइन मोड' ट्रूचं फॉल्स करतात. लायसन्सच्या अटींचा प्रश्न आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी घडतात. पहिली, नावाची तपासणी बंद होते. आत येणारा कोणीही तुमच्या मुलाचं नाव लावून येऊ शकतो, ऑपरेटरचं (सर्व्हर सांभाळणाऱ्याचं) नाव लावलं तर ऑपरेटर बनून. दुसरी गोष्ट जास्त रडवते. पुढे कधीतरी खरं लायसन्स घेऊन मोड परत ट्रू केला की मुलगा सुरुवातीच्या जागी रिकाम्या हाताने उभा असतो.

सर्व्हर खेळाडूला नावाने ओळखत नाही, एका लांबलचक आकड्याने ओळखतो. त्याला यूयूआयडी म्हणतात, आणि खेळाडूची फाइल त्याच आकड्याच्या नावाने जपलेली असते. खऱ्या अकाउंटला हा आकडा एकदा मिळाला की बदलत नाही. ऑफलाइन मोडमध्ये मात्र तो नुसत्या नावावरून बनवला जातो. म्हणजे एकाच मुलाच्या दोन फाइली तयार होतात आणि सर्व्हर नवी, रिकामी फाइल उघडतो. जुनी गेलेली नसते.

ती परत अशी आणा. सर्व्हर पूर्ण बंद करा. जगाच्या सगळ्या फोल्डरची कॉपी बाजूला ठेवा. मग 'प्लेअरडेटा' फोल्डर उघडा. फाइलींच्या नावात आडव्या रेघांनी पाडलेले पाच गट दिसतील. तिसरा गट ३ या आकड्याने सुरू होत असेल तर ती ऑफलाइनची फाइल, ४ ने होत असेल तर खऱ्या अकाउंटची. अनेक खेळाडू असतील तर कोणाचा आकडा कोणता हे 'यूजरकॅश' फाइलमध्ये नावासमोर लिहिलेलं असतं. नवी रिकामी फाइल हटवा, जुन्या फाइलला नव्या आकड्याचं नाव द्या, सर्व्हर सुरू करा. मिळवलेले टप्पे आणि आकडेवारी वेगळ्या फोल्डरांत असते, तिथेही हेच करा. अगदी ताज्या आवृत्त्यांत फोल्डरांची जागा थोडी बदललेली दिसेल, पण आकड्याचं तत्त्व तेच.

यावरून आणखी एक शंका मिटते. खऱ्या अकाउंटवर नाव बदललं तर सामान जात नाही, कारण आकडा तोच राहतो. नाव ३ ते १६ अक्षरांचं हवं, आणि एकदा बदललं की पुढचे ३० दिवस बदलता येत नाही. भावाशी भांडून रागात नाव बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

फोनचा हिशेब निराळा

फोन-टॅबलेटवर असते ती बेडरॉक एडिशन. जावावाला लॅपटॉप आणि बेडरॉकवाला फोन एकमेकांच्या जगात जाऊ शकत नाहीत. २०२२ पासून कंप्युटरसाठी दोन्ही एडिशन एकत्रच विकल्या जातात, तेव्हा लॅपटॉपवरही बेडरॉक टाकलं की प्रश्न सुटतो. दोन्हीकडे आवृत्ती एकच आहे ना, एवढं पाहायचं.

अँड्रॉइडवर खेळाची मालकी गूगल प्ले अकाउंटची असते. मायक्रोसॉफ्ट अकाउंट तिथे फक्त ओळखपत्र. म्हणून प्ले स्टोअरमधून घेतलेला खेळ लॅपटॉपवर फुकट मिळत नाही, आणि नवीन फोनवर वेगळं जीमेल टाकलं की पुन्हा पैसे मागितले जातात. प्लेच्या फॅमिली लायब्ररीत पेड अ‍ॅप घरच्यांना वाटून देता येतं, खेळाच्या आत घेतलेल्या वस्तू मात्र वाटता येत नाहीत. प्रत्येक फोनवर प्रत्येकाने आपापलं मायक्रोसॉफ्ट लॉगिन करायचं. सगळ्यांनी दादाचंच टाकलं तर मार्केटप्लेसचा (खेळातल्या दुकानाचा) खर्चही दादाच्याच खात्यावर पडतो. आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून अ‍ॅप काढून टाकण्याआधी जगाच्या एडिटमध्ये जाऊन 'एक्सपोर्ट' करून घ्या. अ‍ॅपबरोबर जगही पुसलं जातं.

खाली एक वायफाय, वर काकांचं दुसरं

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत भिंती जाड, त्यामुळे खाली एक कनेक्शन आणि वरच्या मजल्यावर काकांचं वेगळं, हे नेहमीचं. लायसन्स बरोबर, परवानग्या बरोबर, पण लॅन गेम दिसत नाही. दोन कनेक्शनं म्हणजे दोन वेगळी नेटवर्कं, आणि लॅन गेम एकाच नेटवर्कवर दिसते. सगळ्यांना एकाच वायफायवर आणा, गेस्ट वायफाय टाळा (तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते), आणि विंडोजमध्ये ते नेटवर्क 'प्रायव्हेट' करून फायरवॉलमध्ये जावाला परवानगी द्या.

ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

अकाउंट शाळेच्या किंवा ऑफिसच्या ईमेलवर काढू नका. शाळा बदलली की ईमेल बंद, आणि लायसन्स त्याच्या मागे अडकलेलं. मुलाचं वैयक्तिक ईमेल, आणि रिकव्हरीला आई किंवा बाबांचा नंबर व दुसरं ईमेल, असे दोन रस्ते ठेवा. दोन्ही एकदम हरवले आणि सगळी सुरक्षेची माहिती नव्याने बदलावी लागली तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. सुट्टी संपते तेवढ्यात.

स्टीमचे खेळ असतील तर

माइनक्राफ्ट स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात नाही, पण घरात दुसरे खेळ असतातच. स्टीम फॅमिलीजमध्ये, म्हणजे घरच्यांनी खेळ वाटून घ्यायच्या सोयीत, सहा जण बसतात. दोघं एकाच वेळी वेगवेगळे खेळ खेळू शकतात, पण एका प्रतीवर तोच खेळ दोघांना खेळता येत नाही. ही सोय एकाच घरात राहणाऱ्यांसाठी आहे. सुट्टीपुरतं पुण्याच्या भावाला आत घेतलं तर तो गेल्यावरही ती जागा वर्षभर अडकून राहते. शिवाय त्याने तुमच्या प्रतीवर चीटिंग केली आणि बंदी आली तर ती त्या खेळात तुमच्यावरही येते.

पाहुण्या भावाला द्यायचंच तर माइनक्राफ्टचं जग द्या. जग निवडून 'एडिट'मध्ये 'मेक बॅकअप' दाबा, झिप फाइल तयार होते, ती पेन ड्राइव्हवर घ्या. पुण्याला त्याच्या कंप्युटरवर ती 'सेव्ह्ज'मध्ये उलगडायची. फक्त बॅकअप घेण्याआधी तुमच्या मुलाने आपलं सामान पेटीत काढून ठेवावं आणि भावाचं सामान भावाने वेगळ्या पेटीत. तिकडे जग उघडेल तेव्हा भाऊ तुमच्या मुलाच्या जागी उभा असेल.