ब्रँडचं युजरनेम: आधी कानाने तपासा, मग एका दिवसात सगळीकडे घ्या

मुंबईत घरगुती धंदा सुरू करणारी माणसं आधी नाव ठरवतात, लोगो करून घेतात, पाकिटं आणि लेबलं छापायला टाकतात, आणि प्रदर्शनात स्टॉल लागायच्या आदल्या आठवड्यात इन्स्टाग्राम उघडतात. तेव्हा कळतं की नाव गेलेलं आहे. मग नावामागे दोन अंडरस्कोर लागतात, एखादा आकडा येतो, फेसबुकवर वेगळंच काहीतरी होतं आणि पाकिटावर छापलेलं नाव कशाशीच जुळत नाही. क्रम उलटा हवा. युजरनेम हातात आल्याशिवाय छपाईला एक रुपयाही देऊ नका.

समजा, तुम्ही लालबागला किंवा परळला राहता, घरी गोडा मसाला, मेतकूट, लोणची करता, आणि नाव सुचलंय 'पाटावरवंटा'. पुढे सगळीकडे हेच काल्पनिक नाव धरून चालू.

नाव आधी कानावर

मराठी नावाची खरी अडचण इथे आहे, आणि बाहेरच्या मार्गदर्शनात ती सहसा सापडत नाही. युजरनेम बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांत घ्यावं लागतं, आणि मराठी शब्द रोमनमध्ये लिहायची एकच ठरलेली पद्धत लोकांच्या बोटांत नाही. 'पाटावरवंटा'मध्ये 'व' दोनदा येतो. कुणी व्ही टाकेल, कुणी डब्ल्यू. इथेच चार स्पेलिंगं झाली. सुरुवातीच्या 'पा'ला कुणी एक ए देईल, कुणी दोन, झाली आठ. मधले आणि शेवटचे 'आ' मी मोजलेलेच नाहीत. तुमचं गिऱ्हाईक यातलं एकच टाइप करणार आणि तिथे तुम्ही दिसला नाहीत तर पुढे जाणार.

म्हणून पहिली पायरी फोनवर नाही, माणसांवर करायची. मनात तीन-चार नावं असू द्या. ओळखीच्या पाच-सात जणांना एकेक नाव नुसतं ऐकवा, लिहून दाखवू नका, आणि त्यांच्याच फोनवर टाइप करायला सांगा. यात सगळे मराठी नकोत. मुंबईतलं गिऱ्हाईक गुजरातीही आहे, कोकणी, हिंदी बोलणारंही आहे, आणि प्रत्येकाची स्पेलिंगची सवय वेगळी असते. शेजारच्या बेन, सोसायटीचे वॉचमनकाका, कॉलेजात जाणारी भाची, सगळ्यांना विचारा. जमल्यास एकदा गाडीच्या आवाजात, फोनवरून नाव सांगून बघा. दोनदा सांगावं लागलं तर त्या नावाची किंमत तुम्हाला रोज मोजावी लागेल.

बहुतेकांनी जे स्पेलिंग केलं तेच तुमचं. व्याकरणाने किंवा पासपोर्टच्या पद्धतीने बरोबर कुठलं, हा प्रश्न इथे लागू नाही. आणि पाच जणांनी पाच स्पेलिंगं केली तर ते नाव सोडून द्या, कितीही आवडलेलं असलं तरी. 'व', 'ळ', 'ठ', 'च' आणि जोडाक्षरं कमी असलेली छोटी नावं या चाचणीत सहसा टिकतात.

सगळीकडे बसेल असं माप

प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. इन्स्टाग्रामवर 30 अक्षरांपर्यंत चालतं, अंक, डॉट आणि अंडरस्कोरही चालतात. यूट्यूबच्या हँडलला (तिथे युजरनेमला हँडल म्हणतात) 3 ते 30. टेलिग्रामला किमान 5. फेसबुक पेजच्या युजरनेमलाही किमान 5, पण तिथे अंडरस्कोर चालत नाही आणि डॉट टाकला काय, न टाकला काय, नाव तेच धरलं जातं. सगळ्यांत आखूड एक्स (आधीचं ट्विटर): फक्त 15 अक्षरं, आणि डॉट नाही.

यातून सरळ सूत्र निघतं: 5 ते 15, नुसती अक्षरं, एकही चिन्ह नाही, सुरुवातीला आकडा नाही. साध्या स्पेलिंगने 'पाटावरवंटा' रोमनमध्ये 12 अक्षरांत बसतं. त्याला 'मसाले' जोडलं की 18 होतात आणि एक्सवर अडतं. 'मुंबई' जोडलं तरी तेच. एक्सवर आज तुम्हाला काही विकायचं नसेल, तरीही 15च्या आत राहा. उद्या तक्रारीला उत्तर द्यायला लोक तुम्हाला तिथेच हाक मारतात.

डॉट आणि अंडरस्कोर टाळण्याचं आणखी एक कारण आहे. ते बोलून सांगता येत नाहीत. 'पाटा अंडरस्कोर वरवंटा' असं स्टॉलवर उभं राहून सांगून बघा.

मोकळं आहे का, हे कसं कळणार

सर्चमध्ये नाव टाकलं, काही आलं नाही, म्हणजे मोकळं आहे असं बहुतेक जण धरतात. तसं नसतं. कुणी ते अकाउंट तात्पुरतं बंद केलेलं असू शकतं, कंपनीने ते काढून टाकलेलं असू शकतं, किंवा नाव राखीव असू शकतं. खात्रीची जागा एकच: नवीन अकाउंट उघडताना किंवा प्रोफाइल एडिट करताना येणारी युजरनेमची चौकट. तिथे नाव टाकलं की ते मिळतंय की नाही, लगेच कळतं. एकाच वेळी अनेक ठिकाणी नाव तपासून देणाऱ्या वेबसाइट आहेत. पहिल्या चाळणीला त्या ठीक आहेत, पण त्यांचा हिरवा टिक म्हणजे हमी नाही. अशा साइटवर लॉगिन किंवा पासवर्ड मागितला तर तिथून बाहेर पडा.

सर्च मात्र दुसऱ्या कामासाठी नक्की करा. तुमच्या नावाच्या आसपास कोण बसलंय ते बघा. एक अक्षर इकडचं तिकडे करून कुणी मसालेच विकत असेल, तर नाव मोकळं मिळालं तरी घेऊ नका. तुमची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे आणि त्यांच्या तक्रारी तुमच्याकडे येत राहतील.

ट्रेडमार्क बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

युजरनेम मिळालं म्हणजे नावावर हक्क मिळाला, असं होत नाही. तुम्ही हँडल घेतलं, दोन वर्षं राबून हजारो फॉलोअर जमवले, आणि त्याच नावाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क (धंद्याच्या नावावरचा कायदेशीर हक्क) असलेल्या माणसाने तक्रार केली, तर अकाउंट जाऊ शकतं. हे टाळायला अर्धा तास पुरतो. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. तिथे शब्दावरून शोधता येतं आणि उच्चारावरूनही. उच्चाराचा शोध आपल्या कामाचा, कारण कायदा नुसतं स्पेलिंग बघत नाही, ऐकायला सारखं वाटतंय का हेही बघतो. मुंबई उच्च न्यायालयात 1999 मध्ये रेडिफ या संकेतस्थळाच्या नावापेक्षा एकाच स्वराने वेगळं असलेलं 'रॅडिफ' हे डोमेन (वेबसाइटचा पत्ता) घेणाऱ्याला रोखलं गेलं होतं. त्यामुळे व्ही बदलून डब्ल्यू केला की आपण सुटलो, असं मानू नका.

शोध 'क्लास' निवडून करायचा असतो. माल आणि सेवा मिळून 45 क्लास आहेत. मसाले 30मध्ये, भाज्यांची लोणची 29मध्ये, कपडे 25मध्ये, खानावळ किंवा हॉटेल 43मध्ये येतं. तुमचा माल ज्यात येतो तो आणि त्याच्याशी संबंधित असलेला, दोन्ही बघा.

नाव मोकळं असेल आणि धंदा पुढे न्यायचा असेल तर अर्ज करूनच टाका. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका क्लासला 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. नोंदणी 10 वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, पण अर्जासाठी तिथे जावं लागत नाही. नुसतं 'मुंबई मसाले' किंवा 'शुद्ध लोणचं' यांसारखं, मालाचं वर्णन करणारं नाव नोंदणीत अडतं, आणि युजरनेम म्हणून तर ते कधीच गेलेलं असतं.

घेण्याचा दिवस

आता एक मोकळा दिवस काढा आणि हे सगळं त्याच दिवशी उरका. आज इन्स्टाग्राम, पुढच्या महिन्यात यूट्यूब असं केलं की मधल्या काळात एक तरी नाव हातातून जातं.

सुरुवात ईमेलपासून. ब्रँडसाठी वेगळा ईमेल काढा आणि सगळी अकाउंट त्यावरच उघडा. तो मालकाच्या हातात हवा. हे मी कळकळीने सांगतो, कारण या धंद्यांत सर्वाधिक नुकसान इथेच होतं. पुतण्याला मोबाइलमधलं कळतं म्हणून अकाउंट त्याच्या नंबरवर उघडलं जातं. एजन्सीवाले म्हणतात 'आम्ही करून देतो' आणि स्वतःच्या ईमेलवर उघडतात. पुतण्या नोकरीला पुण्याला जातो, एजन्सीशी पैशांवरून फिसकटतं, आणि आपल्याच ब्रँडचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जातो. तिथून अकाउंट परत मिळवणं फार जिकिरीचं असतं. कंपनीच्या लेखी ज्याचा ईमेल आणि नंबर, तोच मालक.

मोबाइल नंबरही विचार करून द्या. घरात पडलेलं, रिचार्ज न केलेलं सिम नको. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. वापर नसलेलं गूगल अकाउंट दोन वर्षांनी हटवलं जाऊ शकतं, तेव्हा ब्रँडचा ईमेल अधूनमधून उघडत राहा.

मग डोमेन घ्या, डॉट इन आणि मिळालं तर डॉट कॉम, आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. त्यानंतर इन्स्टाग्राम; त्याच कंपनीच्या थ्रेड्स ॲपला तेच युजरनेम लागतं. मग फेसबुक पेज, यूट्यूब, एक्स, टेलिग्राम. नोकरदार किंवा घाऊक ग्राहक हवे असतील तर लिंक्डइनचं कंपनी पेजही घ्या. सगळीकडे एकच स्पेलिंग.

युजरनेम रोमनमध्ये असलं तरी वर दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं. ते वाया घालवू नका. 'पाटावरवंटा – गोडा मसाला, मुंबई' असं लिहिलं की नाव विसरलेला माणूसही शोधून पोचतो. चाचणीत दुसऱ्या क्रमांकावर आलेलं स्पेलिंग बायोमध्ये (प्रोफाइलवरच्या ओळखीत) एका ओळीत घाला.

अकाउंट रिकामं सोडू नका. लोगो, दोन ओळी आणि एक फोटो टाका, म्हणजे पाहणाऱ्याला ते खरं वाटतं. एक्सच्या नियमांत दर 30 दिवसांत एकदा लॉगिन करायला सांगितलं आहे. फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

नाव गेलेलंच असेल तर

विकत घ्यायला जाऊ नका. युजरनेमची आपसातली खरेदी-विक्री इन्स्टाग्राम आणि एक्स दोघांच्याही नियमांत बसत नाही, आणि पैसे घेऊन गायब होणाऱ्यांची तक्रार नेमकी कुठे आणि काय म्हणून करणार? समोरचा खरा माणूस असेल, अकाउंट पडून असेल, तर नम्रपणे एक मेसेज करा. तुमचा ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर कंपनीच्या ट्रेडमार्क तक्रारीच्या फॉर्मचा रस्ता आहे. दोन्ही नसेल तर एक छोटा शब्द जोडा आणि तोच शब्द सगळीकडे जोडा, जिथे मूळ नाव मोकळं आहे तिथेसुद्धा. एकसारखेपणा मूळ नावापेक्षा जास्त उपयोगी पडतो. 'ऑफिशियल' मात्र टाळा, नकली अकाउंटवाल्यांना तोच शब्द फार आवडतो.

मिळालेलं टिकवायचं

प्रत्येक अकाउंटला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपवर (लॉगिनचा कोड तयार करून देणारं ॲप). तेव्हा मिळणारे बॅकअप कोड कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. फोन गर्दीच्या लोकलमध्ये गेला तर तोच कागद कामी येतो. मदतीला कुणी असेल तर फेसबुक पेज आणि यूट्यूबवर त्यांना वेगळा ॲक्सेस देता येतो. पासवर्ड देऊ नका, आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ॲक्सेस काढा. 'तुमच्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, 24 तासांत या लिंकवर खुलासा करा' असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. खरी सूचना ॲपच्या आतच, अकाउंटच्या सेटिंगमध्ये दिसते.

महिन्यातून एकदा आपलं नाव सगळ्या स्पेलिंगांनी शोधा. गणपती आणि दिवाळीच्या आधी तर नक्कीच, कारण फराळाच्या ऑर्डरी घेऊन पैसे लुबाडणारी नकली पानं तेव्हाच उगवतात. सापडलं तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग ॲपमधून तोतयेगिरीची तक्रार करा. दाद लागली नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं कंपनीवर बंधनकारक आहे. सोबत उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), अन्नपरवाना, ट्रेडमार्कचा अर्ज, जे असेल ते जोडा. म्हणूनच या सगळ्या कागदांवर ब्रँडचं नाव त्याच स्पेलिंगमध्ये घालून घ्या. कुणाचे पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायला सांगा.

आता पाकिटं छापा. छापल्यावर युजरनेम बदलू नका. बदललंत तर जुनं नाव मोकळं होतं, दुसरा कुणीही ते घेऊ शकतो, आणि लोकांच्या स्वयंपाकघरातली तुमची पाकिटं त्याची जाहिरात करत राहतात. ट्रेडमार्कचा अर्ज झाला की नावाशेजारी 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' नोंदणी पूर्ण झाल्यावरच छापायचा. त्याआधी तो छापणं बेकायदेशीर आहे.