सोलर बसवण्याआधी: आधी सावली बघा

कोटेशन नंतर. आधी वर्षभराची वीजबिलं काढा. एकट्या एप्रिल-मेच्या आकड्यावर जाऊ नका. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे महिन्याला अडीचशेच्या आसपास वापर असेल तर दोन किलोवॅट पुरे. जागा किलोवॅटमागे शंभर चौरस फूट, आणि तीही मोकळी.

मोकळी म्हणजे सावली नसलेली. आम्ही इथंच फसलो. पाहणीला माणूस आला तो मे महिन्यात, भर दुपारी. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाचीसुद्धा सावली पायातच राहते. तेव्हा कुठलीही गच्ची लख्खच दिसणार! डिसेंबरात हाच सूर्य दक्षिणेला कलतो आणि दहा फुटी भिंतीची सावली दुपारी बाराला आठ फूट, सकाळी साडेनऊच्या सुमारास सतरा फूट लांब पडते. शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात कुणाच्या डोळ्यांतही आली नव्हती. दिवाळी झाली आणि तिची सावली आमच्या पॅनेलच्या पुढच्या ओळीच्या खालच्या कडेवर चढायला लागली. दिसायला वीतभर, पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळं झाकलेल्या भागापेक्षा नुकसान कितीतरी जास्त होतं.

तेव्हा टेप घ्या. दक्षिणेकडची टाकी, जिन्याची खोली, नारळ, जे काही पॅनेलपेक्षा वर जातं त्याची जास्तीची उंची मोजा आणि तिच्या पावणेदोनपट अंतर सोडा. स्वतःचा सोलर हीटर विसरू नका. पूर्व-पश्चिमेलाही नजर टाका. दक्षिणेचा प्लॉट रिकामा असेल तर उद्या तिथं दोन मजले चढतील हे धरूनच चाला. पेठांत घराला घर चिकटलेलं, तिथं तर सावली दोनदा बघा. सोलरवाला ‘काही होत नाही’ म्हणाला तरी बघा. थांबायची तयारी असेल तर डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन खडूनं सावलीची कड आखून ठेवा. याहून भरवशाचं काही नाही.

आता बाकीचं. स्लॅब असेल तर सोपं. पत्रा किंवा कौलं असतील तर खालचे वासे-अँगल वजन आणि वारा पेलतील का, हे इंजिनिअरला विचारा. पॅनेलचा स्टँड बसवायला स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, इथल्या पावसात गळती लागली की सुट्टी नाही. काँक्रीटचे ठोकळे टाकून त्यांवर स्टँड बसवून घ्या. तेही सावली बघूनच.

मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदला. अपार्टमेंटमध्ये गच्ची सगळ्यांची, सोसायटीचा ठराव लेखी हवा. २०१९ला ज्या भागात महापुराचं पाणी आलं तिथं सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी) तळमजल्यावर नको. साखर कारखाना जवळ असेल तर गाळपात काजळी बसते, पॅनेल धुवायला नळ आणि चढायला जिना बघा.

पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेचं अनुदान तीन किलोवॅटला ७८ हजार. त्यापुढं कितीही वाढवलं तरी तेवढंच. बॅटरीशिवायचं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं, घरच्यांना आत्ताच सांगा. जून ते ऑगस्ट वीज कमी, ते चालायचंच. पॅनेलची जागा आराखड्यावर मापांसकट लिहून घ्या, टाकीपासूनच्या अंतरासह, आणि मगच सही करा.