गिट अडलं? आधी या चुका टाळा

कंपनी महापेला, घर ठाण्याला. संध्याकाळी घणसोलीहून ठाणे गाडी पकडली की ऐरोली यायच्या आत एक फोन ठरलेला. "दादा, जरा बघता का? मी काहीच केलं नाही, पण गिट चालेना." (गिट म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास सांभाळणारं सॉफ्टवेअर.) त्या गर्दीत लॅपटॉप उघडणं शक्य नसतं, म्हणून मी एवढंच सांगतो की टर्मिनलमध्ये 'हिस्टरी' मार आणि शेवटच्या पंधरा ओळी वाचून दाखव. त्या "काहीच केलं नाही"तून दोन सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर होऊन कमांड चालवणं), एक फोर्स (जबरदस्ती) आणि एखादं सीएचमॉड (फाइलच्या परवानग्या बदलणं) निघतंच.

माझं काम खरं तर सर्व्हर सांभाळायचं. पण इतरांचं गिट निस्तरता निस्तरता एक मत पक्कं झालंय. मूळ अडचण बहुतेकदा पाच मिनिटांची असते, आणि गिटने ती स्क्रीनवर लिहिलेलीही असते. वाट लागते ती त्यानंतर घाईत मारलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या कमांडने. खाली ज्या चुका सांगतोय त्या बहुतेक या दुसऱ्या कमांडच्याच आहेत. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. 'डबल डॅश' म्हटलंय तिथे दोन आडव्या रेघा, मध्ये जागा न सोडता.)

निवडतानाची घाई

लिनक्सवर व्हर्जन कंट्रोल (फाइलच्या आवृत्त्या सांभाळणं) म्हटलं की माणूस डोळे मिटून गिट इन्स्टॉल करतो. बरेचदा ते बरोबरही ठरतं. लिनस टॉरवल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये ते लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठीच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी. तोवर कर्नलचं काम बिटकीपर या खासगी सॉफ्टवेअरवर चालायचं आणि त्याचा फुकट वापर बंद झाला होता. त्याच कारणाने त्याच महिन्यात मर्क्युरियल हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही सुरू झालं. म्हणजे गिट घडलं ते हजारो लहान टेक्स्ट फाइल आणि जगभर पसरलेली माणसं डोळ्यांपुढे ठेवून. तुमच्या फाइल तशा आहेत का, हे आधी बघा.

नौपाड्यातल्या माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने पोस्टरच्या आणि पुस्तकांच्या मांडणीच्या फाइल गिटमध्ये टाकायला सुरुवात केली. आधीच कॉम्प्रेस झालेल्या बायनरी फाइलमधला नेमका फरक गिटला नीट पकडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक आवृत्ती जवळजवळ पूर्ण आकाराने साठत जाते. क्लोन करणाऱ्याला, म्हणजे आपल्या मशीनवर पूर्ण प्रत घेणाऱ्याला, हा सगळा इतिहास उतरवून घ्यावा लागतो. शिवाय दोघांनी एकच पोस्टर बदललं तर मर्ज करायचं, म्हणजे दोन्ही बदल एकत्र आणायचे कसे? कुणाचं तरी एकाचं काम टाकून द्यायचं, दुसरा मार्ग नाही. त्याला मी सबव्हर्जन हे दुसरं व्हर्जन कंट्रोल लावून दिलं. जुनं वाटतं खरं, पण त्यात फाइल लॉक करता येते. एकाने लॉक घेतला की दुसऱ्याला ती फाइल कमिट करता, म्हणजे तिच्यातला बदल इतिहासात नोंदवता येत नाही. गिटच हवं असेल तर मोठ्या फाइल वेगळ्या ठेवणारं गिट एलएफएस आहे, पण ते पहिल्या दिवशी लावा. फुगलेली रिपॉझिटरी (फाइल आणि त्यांच्या इतिहासाचा साठा) नंतर हलकी करायची तर सगळा इतिहास पुन्हा लिहावा लागतो.

ईटीसी फोल्डरमधल्या सेटिंगसाठी हाताने गिट मांडत बसू नका. ईटीसीकीपर नावाचं पॅकेज तेच काम करतं, फाइलच्या परवानग्या लक्षात ठेवतं, आणि ॲप्टने काही इन्स्टॉल केलं की स्वतःहून कमिटही करतं.

आणि हो, गिट म्हणजे गिटहब (गिटचे प्रोजेक्ट ठेवायची वेबसाइट) नव्हे. नेट नसलं तरी कमिट, ब्रँच (कामाची वेगळी फांदी), इतिहास सगळं चालतं. गिटहबला पासवर्ड टाकून पुश करणंही (आपलं काम सर्व्हरवर पाठवणंही) १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे. तिथे टोकन किंवा एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) लागते. तरी पासवर्ड चुकला असेल म्हणून तो चार वेळा टाइप करणारे आजही भेटतात.

सुडो

हा प्रकार सविस्तर सांगतो, कारण एकातून एक चार चुका कशा निघतात ते यात दिसतं. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाला ऑप्ट फोल्डरमध्ये प्रोजेक्ट क्लोन करायचा होता. 'परमिशन डिनाइड' आलं. त्याने सुडो लावून क्लोन केलं. झालं की! दुसऱ्या दिवशी सुडोशिवाय गिट ॲड केलं (पुढच्या कमिटसाठी फाइल निवडली) तर 'इनसफिशियंट परमिशन फॉर ॲडिंग ॲन ऑब्जेक्ट टू रिपॉझिटरी डेटाबेस'. साहजिकच, सगळ्या फाइल रूटच्या मालकीच्या. मग त्याने कमिटही सुडोने केलं. पुश करताना परत 'परमिशन डिनाइड', पण या वेळी कारण वेगळं होतं. सुडो लावल्यावर गिट रूटच्या घरात (होम फोल्डरमध्ये) एसएसएच की शोधतं, आणि याची की याच्या घरात. तेवढ्यात शेजारच्याने सल्ला दिला, "सरळ सीएचमॉड ७७७ मार, कटकटच नको." त्याने तो, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, होम फोल्डरपासून खाली सगळ्याला मारला. मग एसएसएचनेच हात वर केले. खासगी की सगळ्यांना वाचता येते, मी ती वापरणार नाही, असा मोठा चौकटीतला इशारा आला. होममधल्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये गिट स्टेटस मारलं तर प्रत्येक फाइल बदललेली!

सोडवायला वेळ लागला तो कुठल्या क्रमाने काय झालं हे शोधण्यात. बाकी उपाय साधे होते. ऑप्टमधला प्रोजेक्टचा फोल्डर सीएचओन डॅश कॅपिटल आरने स्वतःच्या नावावर केला. एसएसएचच्या फोल्डरला ७०० आणि खासगी कीच्या फाइलला ६०० परवानगी दिली, म्हणजे फक्त मालकाला. राहिल्या त्या 'बदललेल्या' फाइल. गिट डिफ (काय बदललं ते दाखवणारी कमांड) बघितलं तर मजकुरात काही नाही, फक्त 'ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५'. सीएचमॉडने प्रत्येक फाइल चालवण्याजोगी करून ठेवली होती आणि गिट तेवढंच सांगत होतं. अशा वेळी तुमचे खरे बदल काहीच नसतील तर गिट रिस्टोअर आणि पुढे एक टिंब, काम झालं. खरे बदल असतील तर हीच कमांड ते पुसून टाकेल, म्हणून आधी कोअर डॉट फाइलमोड फॉल्स करा, खरे बदल कमिट करा, मग ते सेटिंग परत ट्रू करून रिस्टोअर मारा.

मुळात करायला काय हवं होतं? ऑप्टमध्ये सुडोने एक रिकामा फोल्डर करून तो आपल्या नावावर घ्यायचा आणि पुढे सगळं साध्या युजरने. गिटसोबत सुडो लागतोय असं वाटलं की समजा, घोळ मालकीचा आहे.

याच घोळाचा भाऊ म्हणजे 'डिटेक्टेड डूबियस ओनरशिप'. एप्रिल २०२२ मधल्या २.३५.२ आवृत्तीपासून दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये गिट काम करायला नकार देतं. लोक शोधून शोधून सेफ डॉट डिरेक्टरीपुढे चांदणी टाकतात, म्हणजे सगळंच सुरक्षित मान. एकाच मशीनवर चार जण बसत असतील तर हे करू नका. रिपॉझिटरीच्या आतल्या कॉन्फिग फाइलमधून गिटला कमांड चालवायला लावता येतात, आणि तो दरवाजा बंद करायलाच ही अडवणूक आली. फोल्डर तुमचाच असेल तर मालकी दुरुस्त करा. एक्सफॅटच्या पेन ड्राइव्हवर मालकी बदलता येत नाही, तिथे फक्त त्या एका फोल्डरचा मार्ग सेफ डॉट डिरेक्टरीत टाका. त्या ड्राइव्हवरच्या रिपॉझिटरीत फाइलमोड कायमचा फॉल्स ठेवला तरी हरकत नाही.

फाइलचं नाव मराठीत

ही अडचण इंग्रजीत काम करणाऱ्यांना येतच नाही, म्हणून तिच्यावर फारसं कोणी लिहीत नाही. 'लेख' नावाची फाइल केली, गिट स्टेटस मारलं, आणि नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि ३४० २४४ २६२ असे आकडे. एका ताईंनी फाइल बिघडली असं समजून ती उडवली आणि रोमन नावाने पुन्हा टाइप केली. चार पानं! फाइल ठणठणीत होती. ३४० २४४ २६२ म्हणजे 'ल'. प्रत्येक देवनागरी चिन्हाला यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइट लागतात, आणि गिट ते सावधगिरीने अष्टमान आकड्यांत छापतं. ल, एक मात्रा, ख असे मिळून 'लेख'चे नऊ आकडे. गिट कॉन्फिग डबल डॅश ग्लोबल, कोअर डॉट कोटपाथ, फॉल्स. एवढं एकदा केलं की नावं मराठीत दिसतात. गिट डिफमध्ये फाइलच्या आतला मजकूरही कोनी कंसांत दिसत असेल तर दोष लोकेलचा (मशीनच्या भाषेच्या सेटिंगचा) आहे, लँग व्हेरिएबल यूटीएफ-८ वर आहे का ते बघा.

याहून छळणारी गोष्ट म्हणजे 'ऱ'. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, अख्खं एकच चिन्ह. दोन, साधा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब). डोळ्यांना फरक शून्य. पण लिनक्स फाइलचं नाव बाइट जुळवून ओळखतं, त्यामुळे 'पुऱ्या' नावाच्या दोन फाइल एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने नांदतात. एकाने एका कीबोर्डवरून केली, दुसऱ्याने दुसऱ्या. एलएस मारलं तर दोन जुळ्या दिसतात, आणि दुरुस्त्या अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. दिवाळी अंकाच्या मजकुरात हे झालं तेव्हा आम्ही तासभर डोकं खाजवत होतो. शेवटी कामी आले ते नकोसे वाटलेले आकडेच. कोटपाथ तात्पुरतं ट्रू केलं आणि गिट एलएस-फाइल्स मारलं. एका नावात ३४० २४४ २६१, दुसऱ्यात ३४० २४४ २६० आणि पुढे ३४० २४४ २७४. नुक्ता सापडला. दोन्ही फाइलमधला मजकूर एकत्र केला आणि नुक्त्याची फाइल गिट आरएमने काढली.

जाता जाता, मराठी गद्याचा अख्खा परिच्छेद एकाच ओळीत असतो, त्यामुळे साधं डिफ बघून काही कळत नाही. डबल डॅश वर्ड-डिफ लावा, बदललेला शब्द तेवढा दिसतो.

फोर्स

ही चूक माझी. सहा वाजून गेलेले, पुश केलं, 'रिजेक्टेड, नॉन-फास्ट-फॉरवर्ड'. म्हणजे सर्व्हरवर कोणाचं तरी काम आधीच आलंय, ते उतरवून घे. गाडी चुकेल म्हणून मी डबल डॅश फोर्स मारला आणि निघालो. सहकाऱ्याचं दोन दिवसांचं काम ब्रँचवरून गेलं. परत मिळालं, कारण त्याच्या लॅपटॉपवर ते कमिट होते. पण सकाळचा चहा मलाच पाजावा लागला.

फोर्स करायचाच असेल तर डबल डॅश फोर्स-विथ-लीज वापरा. तुम्ही शेवटचं बघितल्यानंतर सर्व्हरवर काही नवं आलं असेल तर ते थांबतं. मात्र तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत (सर्व्हरवरचं नवं उतरवून घेत) असेल तर 'शेवटचं बघितलं' हे सतत ताजं होत राहतं आणि कुलूप नावापुरतंच उरतं. ते आपोआप फेच बंद करा. रिपॉझिटरी स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर तिथल्या कॉन्फिगमध्ये रिसीव्ह डॉट डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स ट्रू करून टाका. मी त्याच दिवशी केलं, स्वतःवर भरवसा नसल्यामुळे.

कमिट गायब झालं की सर्वांत वाईट सवय म्हणजे फोल्डर उडवून नव्याने क्लोन करणं. गायब झालेलं काम बहुतेकदा त्याच फोल्डरमध्ये असतं. गिट रिफ्लॉग मारा, हेड (तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात ती खूण) कुठे कुठे फिरून आला ते सगळं दिसेल. हवा तो क्रमांक घेऊन गिट ब्रँच, नवं नाव, क्रमांक. कुठल्याच ब्रँचमधून पोचता न येणाऱ्या कमिटची ही नोंद नेहमीच्या सेटिंगला ३० दिवस राहते, बाकीच्यांची ९०. कमिट केलं नव्हतं पण गिट ॲड केलं होतं? मग गिट एफएसके डबल डॅश लॉस्ट-फाउंड. नावं मिळणार नाहीत, मजकूर मिळेल. ॲडही केलं नसेल आणि वर रिसेट डबल डॅश हार्ड (फाइल पुन्हा कमिटसारख्या करणं) मारला असेल, तर गिटकडे काही नाही. म्हणून रिसेटच्या आधी सीपी डॅश ए करून फोल्डरची कॉपी काढा. डिस्कवरची जागा स्वस्त आहे.

बाकी किरकोळ

गिटइग्नोअरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलच्या यादीत) नाव टाकूनही फाइल दिसत राहते, कारण ती आधीच कमिट झालेली आहे. गिट आरएम डबल डॅश कॅश्ड करा, डिस्कवरची फाइल राहते. ती फाइल पासवर्डची असेल आणि पुश झाली असेल, तर इतिहास साफ करत बसण्याआधी पासवर्ड बदला.

वीज गेली, मशीन बंद पडलं, आणि मग 'इंडेक्स डॉट लॉक' आडवं आलं. ती फाइल उडवायला हरकत नाही, पण आधी पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी) करून दुसरं गिट चालू नाही ना ते बघा. एडिटरची खिडकी मागे उघडी असते आणि कमिट तिथेच अडकलेलं असतं. त्यानंतर 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' आलं तर मात्र हात लावू नका. आधी फोल्डरची कॉपी काढा, मग दुसऱ्या कोणाच्या क्लोनमधून ते ऑब्जेक्ट आणा.

दुसरा क्लोनच नसेल तर? आमच्या डीटीपीवाल्याची हीच गत होती. कमिट नेमाने, सगळे त्याच एका डिस्कवर. त्याचं सबव्हर्जन आता रोज रात्री एसव्हीएनॲडमिन डंपने दुसऱ्या डिस्कवर उतरतं. गिटवाल्यांसाठी गिट बंडल क्रिएट, पुढे फाइलचं नाव आणि डबल डॅश ऑल. सगळ्या ब्रँचचा इतिहास एका फाइलमध्ये येतो आणि त्या फाइलवरून थेट क्लोन करता येतं. पेन ड्राइव्हवर टाकल्यावर गिट बंडल व्हेरिफाय करून बघा, आणि तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.