चकलीचं तेल आणि काळं अस्वल: कॅनडातल्या उत्तर ब्रिटिश कोलंबियात जंगलकामाला येणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी उजाडला की मला एकाच साच्यातले मेसेज यायला लागतात. फॉरेस्ट्रीचा डिप्लोमा चालू आहे, उन्हाळ्यात प्रिन्स जॉर्जच्या बाजूला फील्ड टेक्निशियनचं काम मिळतंय, घेऊ का? आणि अगदी शेवटी, जरा लाजत: दादा, तिकडे अस्वलांचं काय?

काम घ्या. बूट, पावसाळी जाकीट, डासांची जाळी, गाडीचं लायसन्स हे तुम्हाला कॉलेजात शंभरदा सांगून झालंय, ते मी परत उगाळत नाही. अस्वलांचंच तेवढं सांगतो, कारण तिथे मी फसलो. तेही जंगलात नाही, राहत्या घरी.

मी मूळचा मूल तालुक्यातला, जिल्हा चंद्रपूर. आमच्याकडे वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला बाया निघतात, आणि अस्वलही त्याच फुलांसाठी त्याच झाडाखाली आलेलं असतं. आमचं अस्वल वाघाच्या शेजारात वाढलेलं. दचकलं की पळायच्या आधी अंगावर येतं आणि थेट तोंडावर पंजा मारतं. हे डोक्यात घेऊन मी इथे आलो, आणि पहिला महिनाभर रस्त्याकडेला डँडेलियनची पिवळी फुलं चरणारं अस्वल दिसलं तरी पिकअपच्या काचा वर करून बसायचो. सोबतची पोरं हसायची.

इथलं काळं अस्वल निराळं. ब्रिटिश कोलंबियात ती लाखाच्या वर असावीत असा प्रांताचा अंदाज आहे, त्यामुळे ती दिसणारच. जात मुळात भित्री. घाबरलं की झाडावर चढतं, नाहीतर झुडपात घुसतं. उत्तर अमेरिकेतल्या नोंदी तपासून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९०० ते २००९ एवढ्या काळात मोकळ्या काळ्या अस्वलांनी मारलेली माणसं ६३ भरली. एकशेदहा वर्षांत. हा आकडा आईला फोनवर सांगा, तिला झोप लागेल. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र स्वतःसाठी ठेवा: त्यातले बहुतेक हल्ले माणसाला भक्ष्य समजून झालेले होते, आणि करणारं अस्वल बहुतेक वेळा एकटा नर होता. पिल्लांची आई नव्हे.

भक्ष्यामागे लागलेलं अस्वल गप्प असतं, म्हणून आवाज करणाऱ्या अस्वलाला मी आता कमी भितो. फुसकारतं, दात कडकडवतं, जमिनीवर पंजा आपटतं, चार पावलं धावून येतं आणि थांबतं, तेव्हा ते सांगत असतं की मला जागा दे. द्या. तोंड त्याच्याकडे ठेवून, हळू आवाजात बोलत मागे सरका. पळू नका, ते ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतं. झाडावर तर मुळीच चढू नका, तो त्याचा प्रांत आहे. काळजी करायची ती गप्प अस्वलाची. कान उभे, नजर तुमच्यावर, तुम्ही सरकलात की तेही सरकतं, आणि तोंडातून आवाज नाही. असं अस्वल मागे लागलं तर अंग मोठं करा, ओरडा, दगड मारा, आणि भिडलंच तर नाकाडोळ्यांवर हाणा. मेल्याचं सोंग काळ्या अस्वलापुढे घ्यायचं नाही. ते सोंग अचानक गाठ पडून बिथरलेल्या ग्रिझलीसाठी, म्हणजे इथल्या दुसऱ्या, मोठ्या जातीच्या अस्वलासाठी आहे, आणि ग्रिझली ओळखायची ती रंगावरून नव्हे. काळं अस्वल तपकिरी असतं, दालचिनीच्या रंगाचं असतं, किनाऱ्यालगतच्या काही बेटांवर चक्क पांढरंही असतं. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो आणि नख्या लांबलचक. तेवढं बघा.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा. कमरेच्या पट्ट्याला लावा, बॅगेत नको. बॅगेतला स्प्रे म्हणजे कपाटात कुलूपबंद ठेवलेली छत्री. आपले सर्व्हेचे गोल प्लॉट ३.९९ मीटरच्या दोरीने आखायचे, आठवतंय ना? दोरीच्या जेमतेम दुप्पट अंतरावर अस्वल आलं की तेवढीच त्या डब्याची पोच, आणि वारा तोंडावर असेल तर तीही नाही. डबा सहा-सात सेकंदांत रिकामा होतो. मिरची नसलेले सरावाचे डबे मिळतात. दोन विकत घ्या आणि सेफ्टी क्लिप काढायचा सराव हातमोजे घालून करा. व्हिडिओ बघून हात बसत नाही, हे माझं ठाम मत आहे; आमच्या बॅचमधल्या ज्याने सगळे व्हिडिओ पाहिले होते त्यानेच ट्रकच्या केबिनमध्ये स्प्रे उडवला. तापलेल्या गाडीत डबा ठेवू नका. विमानात तो चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या सामानात. आणि तंबूवर किंवा कपड्यांवर आधीच मारून ठेवायचा तो ओडोमॉस नाही. वाळलेल्या स्प्रेच्या वासाने अस्वल उलट हुंगायला येतं.

बुटाला बांधायच्या घुंगरांवर पैसे घालवू नका, बोलत चला. बार उडवायचं पेनासारखं यंत्र देतील, ते नीट शिकल्याशिवाय हातात घेऊ नका. बार अस्वलाच्या मागे जाऊन फुटला तर ते पुढे पळतं, आणि पुढे तुम्ही असता.

आता गुरूंबद्दल. प्रत्येक क्रूमध्ये एक जण असतोच, "मी तीस वर्षं या जंगलात आहे, मला कधी स्प्रे लागला नाही" म्हणणारा. त्याच्याकडून गाडी चिखलातून कशी काढायची ते शिका, करवतीची धार लावायला शिका. अस्वलाच्या बाबतीत त्याचं ऐकू नका. तीस वर्षं नशीब साथ देतंय याला अनुभव म्हणत नाहीत. माझी खरी गुरू एक मितभाषी क्रू लीड होती. ती रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी मागच्या हौद्यातून एक फेरी मारायची: चेनसॉचं तेल सांडलंय का, पेट्रोलचा कॅन घट्ट आहे का, कुणाच्या जेवणाचा डबा उघड्यावर आहे का. अस्वलाला पेट्रोल-तेलाचाही वास ओढतो हे तिच्यामुळे कळलं. प्लास्टिकचे कॅन चावून फोडलेले आणि चारचाकी बाइकच्या सीटचा स्पंज उपसलेला मी स्वतः पाहिलाय. तिची ती फेरी मला तेव्हा म्हातारी कटकट वाटायची.

आणि मग मी घरी काय केलं ते ऐका.

२०२२ ची दिवाळी, २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. आम्ही तिघं गावाबाहेर एका घराच्या तळघरात भाड्याने राहत होतो. मागे लाकडी डेक, त्यापलीकडे पन्नास पावलांवर झाडी. फराळ करायचा ठरला. पण तळायला घेतलं की घरातला स्मोक अलार्म कोकलतो, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून शेगडी डेकवर काढली आणि दोन संध्याकाळी चकल्या, शंकरपाळे, थोडी भजी. उरलेलं तेल पत्र्याच्या डब्यात ओतलं आणि निवायला तिथेच ठेवलं. सकाळी डबा नव्हता. झाडीच्या कडेला चेपलेला सापडला, आतून चाटून लख्ख.

ऑक्टोबर म्हणजे काय ते बघा. थंडीत गुहेत शिरायच्या आधी अस्वल दिवसातले वीस-वीस तास खातं, वीस हजारापर्यंत कॅलरी. रानातली बेरी संपलेली असते. अशा वेळी डबाभर तेल म्हणजे त्याला दिवसभराची बेरी एका जागी मिळाल्यासारखं.

आम्ही घाबरलो आणि शहाण्यासारखं वागलो, असं आम्हाला वाटलं. डबा उचलला, कचऱ्याचा पिंप शेडमध्ये कुलपात ठेवला, घरमालकाच्या सफरचंदाच्या झाडाखालची फळंही वेचून टाकली. बाहेर खायला कणभर काही नाही. दुसऱ्या रात्री ते परत आलं. तिसऱ्या रात्री परत.

इथेच मी फसलो, म्हणून हे दोनदा सांगतो. वस्तू उचलली म्हणजे वास उचलला जात नाही. दोन दिवस तळताना उडालेले शिंतोडे डेकच्या फळ्यांत मुरले होते. लाकूड तेल पितं. आम्हाला काही दिसत नव्हतं, नाकाला काही येत नव्हतं. त्याच्यासाठी मात्र त्या फळ्या अजून ताटासारख्या होत्या. तिसऱ्या सकाळी बघितलं तर शेगडी ठेवली होती तिथली फळी नखांनी सोलून काढलेली. आम्ही तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि झाडू मारला. असं धुवून मुरलेलं तेल निघत नाही. गरम पाणी, तेलकटपणा काढणारं चांगलं रसायन, ताठ ब्रश, आणि तेही पहिल्याच सकाळी करायला हवं होतं. पिंपाला लोक ब्लीच किंवा अमोनिया वापरतात. कुठलंही एकच वापरा, दोन्ही एकत्र कधी करू नका, विषारी वायू होतो.

आणि एवढं करूनही ते आलंच असतं कदाचित. कारण वास गेला तरी आठवण उरते. एकदा पोट भरलेली जागा अस्वल विसरत नाही, रिकामी निघाली तरी पुनःपुन्हा तपासून जातं. माणसांची सवय झालेलं अस्वल वेगळं आणि माणसांच्या अन्नाची चटक लागलेलं वेगळं. पहिलं रस्त्याकडेला फुलं खात तुमच्याकडे दुर्लक्ष करतं. दुसरं दार ढकलून बघतं. आमचं तीन रात्रींत दुसऱ्या प्रकारात गेलं, आणि चौथ्या रात्री शेजारणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहिलं. घरात दोन लहान मुलं. तिने वन्यजीव अधिकाऱ्यांना फोन केला, आणि तिचं काही चुकलं नाही.

मला वाटलं होतं पकडून लांब सोडतील. चटक लागलेलं अस्वल शेकडो किलोमीटरवर नेऊन सोडलं तरी ते परत वाट काढतं, नाहीतर नव्या गावात तेच करतं. चाकांवरचा पिंजरा आला, दुसऱ्या दिवशी ते त्यात होतं, आणि नंतर मारलं गेलं. या प्रांतात दरवर्षी अशी शेकडो काळी अस्वलं मारली जातात.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. बाहेर तळू नका, एवढंच तर आहे. घरात अलार्मजवळची खिडकी उघडा, मंद आचेवर थोडं थोडं तळा, तेल गार करून डब्यात बंद करा आणि डबा कचरा नेण्याच्या दिवसापर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा. फोडणीचा वास सगळ्यांच्याच घरी असतो, नुसत्या त्याने सहसा अस्वल येत नाही. ऑक्टोबरात पक्ष्यांचे दाणे बाहेर टांगू नका. गाडी कुलूपबंद ठेवा. हँडल ओढून दार उघडायला अस्वलं शिकतात, आत गेल्यावर दार मागे बंद होतं, आणि मग सीट, छत, डॅशबोर्ड काहीच शिल्लक राहत नाही. गाडीत डबा विसरलात तर रात्री पायजम्यावर उठून आणा. मी अजून उठतो.

कामावर एक गोष्ट कुणी आपणहून सांगणार नाही. ब्रिटिश कोलंबियात नव्या कामगाराला काम सुरू करण्याआधी धोक्यांची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. आणि धोका वाटला तर काम नाकारायचा तुम्हाला हक्क आहे, त्यासाठी शिक्षा करता येत नाही. वर्क परमिटवर आहोत म्हणून आपली पोरं तोंड उघडत नाहीत. ताजी विष्ठा, ओरबाडलेली झाडं, अर्धवट खाल्लेलं हरीण दिसलं तर रेडिओवर बोला आणि माघारी फिरा. विशेषतः हरीण. त्याच्या मालकाची वाट बघत तिथे थांबू नका. हसतील, हसू देत.

अन्न उघडं ठेवून अस्वल ओढवून घेतल्याबद्दल इथे २३० डॉलरचा दंड असतो. आम्हाला अधिकाऱ्याने तो केला नाही, ताकीद दिली. डेकवरच्या खुर्चीत बसून त्याने फॉर्म भरला. मादी होती म्हणाला, दोनेक वर्षांची, आईपासून वेगळी होऊन फार झालं नसेल. मग कशाच्या वासाला आली त्या रकान्यावर पेन थांबवून विचारलं, नक्की काय तळत होतात? मी सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही. मग मी चकलीचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगितलं आणि त्याने ते सावकाश लिहून घेतलं.