तांबड्या भोपळ्याचं दाट सूप: ना क्रीम, ना मैदा

सुपाला दाटपणा यावा म्हणून क्रीमचा डबा फोडायची गरज नाही. गोव्याच्या घरात दोन गोष्टी बहुधा असतातच: दुपारचा उरलेला उकड्या तांदळाचा भात आणि नारळ. भात दाटपणा देतो, नारळाचा रस स्निग्धपणा. पाऊण तासात चौघांचं सूप होतं.

बाजारात भोपळ्याची कापलेली फोड घ्या, म्हणजे आतला गर दिसतो. गर्द केशरी आणि घट्ट गराची फोड चांगली. बियांभोवती पाणी सुटलेलं दिसलं तर ती सोडा. तिचं सूप पचपचीत होतं.

साल-बिया काढून अर्धा किलो भोपळा, एक मध्यम कांदा, लसणाच्या 3 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, 8 मिरे, 3 मोठे चमचे भात, एक मोठा चमचा खोबरेल किंवा लोणी आणि पाऊण छोटा चमचा मीठ. अर्धा नारळ खवून 150 मिली कोमट पाण्यात वाटा आणि जाड रस पिळून घ्या. चोथ्यात 200 मिली पाणी घालून पुन्हा वाटलं की पातळ रस निघतो. दोन्ही वेगळे ठेवा.

कुकरमध्ये मंद आचेवर कांदा-लसूण पाच मिनिटं परता. कांदा मऊ व्हावा, तांबूस नको, नाहीतर सुपाचा रंग मळतो. आलं, मिरे, भोपळ्याच्या फोडी आणि मीठ घालून आणखी तीन मिनिटं परता. मग भात आणि 350 मिली पाणी. याहून जास्त पाणी नको, भोपळ्याचं स्वतःचं पाणी सुटतं. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या पुरेत. भात फोडींबरोबरच शिजायला हवा. उकड्याचा दाणा टणक असतो आणि तो नंतर घातला तर सूप रवाळ लागतं.

वाफ आपोआप जिरू द्या, झाकण काढून दहा मिनिटं थांबा. गरम मिश्रणाने मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. आत वाफ कोंडली की झाकण उडतं आणि हात भाजतो. दोन खेपांत गुळगुळीत वाटा.

वाटलेलं पातेल्यात घेऊन पातळ रस घाला आणि एक उकळी येऊ द्या. मग आच अगदी बारीक करून जाड रस घाला आणि ढवळत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. खळखळून उकळलं तर रस फुटतो: वर तेल, खाली कण. आंबटानेही तेच होतं, म्हणून टोमॅटो नको. लिंबू हवंच असेल तर वाटीत पिळा. फुटलंच तर थोडं निववून मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवा, बरंचसं सावरतं. पाकिटातला रस सहसा इतक्या लवकर फुटत नाही, पण ताज्याची चव त्याला नाही.

भोपळ्याऐवजी गाजर घेतलं तर 100 मिली पाणी जास्त लागतं. रताळ्यांचं करायचं तर भात वगळा, नाहीतर खळ होते.

उद्यासाठी ठेवायचं असेल तर जाड-पातळ रस घालण्यापूर्वीच वाटण काढून फ्रीजमध्ये ठेवा. नारळ इथल्या उकाड्यात लवकर आंबतो. थंड झाल्यावर ते आळतं, तेव्हा गरम पाण्याने सैल करा. सोबत पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, तव्यावर कडक भाजून.