मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे आहे, पण घरी सांगायचे कसे?

मन थाऱ्यावर नाही हे सर्वांत आधी ज्याचे त्यालाच कळते. घरच्यांना दिसतात ते घसरलेले गुण, चिडचिड आणि अर्धा परत आलेला डबा. घरी पहिले वाक्य काय बोलायचे, याच विचारात अनेक मुलामुलींचे महिने निघून जातात. हे लेखन तेरा ते अठरा वर्षांच्या अशाच वाचकांसाठी आहे.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढचे वाचत बसू नये. जवळच्या मोठ्या माणसाला आत्ताच सांगावे, एकटे राहू नये आणि १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन करावा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. धोका समोर उभा असेल, तर ११२ वर फोन करावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. पोलीस केस होईल या भीतीने थांबू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते आणि तिला शिक्षेऐवजी उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरते.

एरवी परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणे हा आजार नव्हे. मात्र उदासी, धास्ती किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली आणि झोप, भूक, अभ्यास, मित्रमैत्रिणी यांवर तिचा परिणाम होऊ लागला, तर तज्ज्ञाला दाखवावे. आधी आठवडाभर वहीच्या शेवटच्या पानावर रोज एक ओळ लिहून ठेवावी: ‘सोमवार. रात्री दोनपर्यंत जाग. सकाळी पोटात दुखले, क्लासला दांडी. डबा तसाच.’ डॉक्टरांसमोर बसल्यावर ऐनवेळी काही सुचत नाही, तेव्हा हे पान आपल्या वतीने बोलते. त्रास वाढत असेल, तर आठवडा पुरा होण्याची वाट पाहू नये.

घरी सांगताना ‘मला डिप्रेशन आले आहे’ अशी सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. त्या शब्दावरूनच वाद सुरू होतो आणि खरा त्रास बाजूला राहतो. त्याऐवजी आई पोळ्या लाटत असताना शेजारी उभे राहून, नजरेला नजर न देताही, म्हणता येते: ‘आई, महिनाभर मला नीट झोप नाही. अभ्यासाला बसले की रडू येते. मला डॉक्टरांना दाखवायचे आहे.’ यावर ‘मोबाइल कमी कर’, ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ किंवा ‘दृष्ट लागली असेल’ असे उत्तर येऊ शकते. मोबाइलवर वाद घालत बसू नये. ‘मोबाइल ठेवते, पण डॉक्टरांकडे जाऊ या’ एवढेच पुन्हा म्हणावे. तरीही कोणी मनावर घेतले नाही, तर मावशी, काका, वर्गशिक्षक किंवा नेहमीच्या डॉक्टरांना मध्ये घालावे. नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीला घरात जे वजन असते, ते आपल्या रडण्याला नसते, हे कडू असले तरी उपयोगाचे आहे. त्रास घरातल्याच माणसाकडून होत असेल, तर मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहे.

आता जायचे कोणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. समुपदेशक अनेक शाळा-महाविद्यालयांतही असतात. खर्चाची चिंता असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढावा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांचे नाव ऐकून दचकू नये, तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो आणि दाखवून घरी परतता येते.

अठरा वर्षांखालील रुग्णाच्या उपचारांसाठी पालकांची संमती लागते, म्हणून पहिल्या भेटीला कोणीतरी सोबत असावे. मात्र ‘मला थोडा वेळ एकट्याने बोलायचे आहे’ असे डॉक्टरांना सांगता येते आणि सांगावेच. आपले बोलणे घरी किती सांगितले जाईल, हेही तिथेच विचारून घ्यावे. जिवाला धोका असेल, तर घरच्यांना कळवावे लागते; लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो या बालसंरक्षण कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बाकीच्या गोष्टींबाबत बरेच डॉक्टर मुलांचा विश्वास जपतात.

पहिल्या भेटीत प्रश्नच अधिक असतात: झोप, भूक, घर, शाळा, व्यसन, जीव देण्याचे विचार. उत्तर टाळण्यापेक्षा ‘हे आज सांगायचे नाही’ असे म्हणणे बरे. औषध दिले, तर ते कशासाठी, किती दिवस आणि कोणता त्रास झाला तर लगेच फोन करायचा, हे विचारावे. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला सहसा काही आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी वाढली किंवा जीव देण्याचे विचार बळावले, तर त्याच दिवशी कळवावे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाता येते. तेव्हा जुना केस पेपर आणि वहीचे ते पान सोबत न्यावे.